दंडाची मागची बाजू

(मंडळाच्या लाखांदूर येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह आणि हुंडा या विषयांवर व्याख्याने होतात, आणि ती व्हावयासच हवीत. यंदा आमच्या वाट्यास आलेला विषय ऐकून मात्र पुष्कळांस हसू आले असेल. सभागृहामागील रिकाम्या खोलीत व्यायामाचे साहित्य ठेवावे, असा अर्ज आपल्या तरुण मंडळींनी कार्यकारिणीकडे केला आहे. त्यासोबत जोडलेली साहित्याची यादी आम्ही वाचली. पाय, पाठ आणि पोट यांना तीत फारसे स्थान नाही. जवळजवळ सारी यादी दंड फुगविण्याची आहे. आम्ही शाळेत तीस-एक वर्षे कवायतीचा तास घेतला म्हणून कार्यकारिणीने आमचे मत विचारले. आम्ही मॅट्रिक आणि त्यापुढे अध्यापनाची पदविका एवढ्याच शिक्षणाचे, वैद्य नव्हे. तथापि डॉक्टरांना विचारून, मिळेल ते वाचून आणि आपल्या चुका आठवून जे जमविले, ते आपणांपुढे ठेवीत आहो.

कोणत्याही लहान मुलास ‘ताकद दाखव’ म्हटले की तो कोपर वाकवून दंडावर बेटकुळी काढून दाखवितो. त्या उंचवट्याला आपल्या भाषेने बेडकावरून असे गोजिरवाणे नाव दिले. पण दंडाच्या मागच्या बाजूस जो याहून मोठा स्नायू आहे, त्याला घरगुती नावच नाही. शास्त्रीय परिभाषेत त्याला त्रिशिरस्क म्हणतात. आपली मुले ट्रायसेप्स म्हणतात. दंडाच्या एकंदर मांसात निम्म्याहून अधिक वाटा या मागच्या स्नायूचा असतो. ज्याला दंड जाड करावयाचा आहे तो रात्रंदिवस पुढची बेटकुळी घासत बसतो, आणि मागची मोठी बाजू तशीच राहते.

हा स्नायू करतो काय? वाकलेले कोपर सरळ करतो. पुढचा स्नायू वस्तू आपल्याकडे ओढतो, मागचा ती दूर ढकलतो. चिखलात रुतलेली गाडी ढकलणे, धानाचे पोते डोक्यावरून थप्पीवर सारणे, पंगतीतून उठताना जमिनीवर हात टेकून शरीर वर उचलणे, या सर्वांत त्याचा हात आहे. तरुणाला तो बाहीतून दिसावा म्हणून हवा असतो. म्हाताऱ्याला तो खाटेवरून उठण्यासाठी हवा असतो. आमच्या घरातून गेल्या पावसाळ्यापासून गुडघ्याच्या दुखण्यामुळे पाटावरून उठावयास दोन्ही हातांचा आधार लागतो, आणि हात थरथरतात. तेव्हा प्रथम आमच्या ध्यानात आले की हा विषय केवळ अर्ज करणाऱ्या मुलांचा नाही.

त्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण व्यायामाची निवड तिच्यावर अवलंबून आहे. त्रिशिरस्क म्हणजे तीन शिरांचा. त्यांतील दोन शिरे दंडाच्या हाडावरच उगम पावतात. तिसरे, जे लांब शीर, ते खांद्याच्या पात्याच्या हाडापासून निघते, म्हणजे खांद्याचा सांधा ओलांडून खाली येते. तिन्ही मिळून कोपराच्या टोकाला, ज्यावर आपटले असता डोळ्यांपुढे तारे चमकतात त्या हाडाला, जोडली जातात. यावरून दोन गोष्टी निघतात. हात डोक्यावर नेला म्हणजे ते लांब शीर ताणले जाते, म्हणून त्या स्थितीतील व्यायामाचा त्याला विशेष लाभ होतो. आणि दुसरे असे की, दंडाचा व्यायाम म्हणून आपण जे करतो त्याचा भार कोपर आणि खांदा या दोन सांध्यांवर पडतो. स्नायू कुरकुरला तर दोन दिवसांत विसरतो. सांधा एकदा रुसला की महिनोगणती अबोला धरतो.

आमचा एक भाचा नागपुरास शिकावयास असतो. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई भरते, तेव्हा तो इकडे आला. बाह्या घट्ट, छाती पुढे. पण अंगातला सदरा काढताना ओय ओय करू लागला. खोदून विचारले तेव्हा कळले की दोन बाकांमध्ये अंग लोंबते ठेवून, हात पाठीमागच्या बाकावर टेकून, मांडीवर लोखंडी चकत्या ठेवून तो वर-खाली होत असे. एका मित्राने दहा किलो ठेवले की याने पंधरा ठेवावयाचे. या प्रकारात हात शरीराच्या मागे राहून अंग खोल गेले की दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या पुढच्या बाजूवर रेटला जातो. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. याहून आम्हांस धक्का बसला तो त्याच्या पिशवीतील काचेची कुपी पाहून. ‘दोन महिन्यांत दंड भरेल’ असे सांगून कोणी तरी ती त्याच्या हाती दिली होती. सुदैवाने सुई टोचण्यापूर्वी तो गावी आला.

या कुप्यांविषयी येथे स्पष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. घरोघरीच्या मातापित्यांनी ऐकावे. पौरुषद्रव्याची, म्हणजे टेस्टोस्टेरॉनची अथवा त्याच्या जातीची औषधे स्नायू वाढवितात, हे खरे आहे. खोटे सांगून मुलांना भिवविण्यात अर्थ नाही. परंतु बाहेरून ते द्रव्य आले की शरीर आपले स्वतःचे उत्पादन बंद करते. वृषण आक्रसतात, संततीची शक्ती क्षीण होते, हृदयाची भिंत जाड होते, रक्तातील चरबीचे प्रमाण बिघडते, गोळ्यांच्या रूपाने घेतल्यास यकृतास इजा होते; आणि वाढीच्या वयातील मुलाच्या हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते. दुसरा प्रकार तेल टोचण्याचा. त्याने स्नायू वाढतच नाही. आत तेलाच्या गाठी होतात, त्या पिकतात, आणि कधी शस्त्रक्रियेने काढाव्या लागतात. तिसरा प्रकार मेफेन्टर्मिनचा. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असलेले हे औषध काही मुले व्यायामाआधी हुशारी यावी म्हणून टोचून घेतात. ज्याचा रक्तदाब मुळात उतरलेला नाही, त्याने ते टोचून घेणे म्हणजे भरल्या घागरीवर पुन्हा पाणी ओतणे होय. खोली उघडली तर तिच्या दारावर इतर काही लिहा वा न लिहा, या तिन्हींना आत मज्जाव असल्याचे लिहावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणते व्यायाम करावेत?

आपल्या प्रांताला याचे उत्तर नवीन नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली स्थापन झाले. तेथील पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगापुढे करून दाखविले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजविले. बडोद्याहून दहा खंडांचा व्यायाम-ज्ञानकोश मराठीत निघाला. ही मंडळी ट्रायसेप्स हा शब्द वापरीत नसत. पण जोर, दंड, सूर्यनमस्कार, मल्लखांब आणि डबल बार यांत हा मागचा स्नायू आपोआप राबत असे. सूर्यनमस्कारात अंग जमिनीकडे नेताना कोपरे वाकतात आणि मग सावकाश सरळ होतात, तेथे त्याचेच काम आहे.

आमच्या मते पहिला मान जोरालाच द्यावा. मात्र तो पायरीपायरीने करावा. पहिली पायरी भिंतीची: भिंतीपासून दीड हात दूर उभे राहून, तळवे छातीच्या उंचीवर, खांद्याएवढ्या अंतरावर टेकवून, कोपरे वाकवीत छाती भिंतीकडे न्यावी आणि परत ढकलावी. साठीच्या पुढील स्त्रीपुरुषांनी येथेच मुक्काम केला तरी चालेल. भिंतीवर पंधरा जोर सहज होऊ लागले की ओट्याच्या कडेवर, मग खालच्या बाकावर, मग गुडघे टेकून जमिनीवर, आणि शेवटी पूर्ण जोर. हात जितका खाली, तितका भार अधिक. घरातला ओटा हाच आपला डंबेल्सचा संच समजावा. त्याला एक पैसा लागत नाही.

जोर काढताना कोपरे गरुडाच्या पंखांसारखी दोहोंकडे पसरू नयेत. बरगड्यांपासून थोडी दूर, तिरपी मागे जावीत. असे केले म्हणजे खांदा सुरक्षित राहतो आणि काम दंडाच्या मागे जाते. 2011 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस येथील संशोधकांनी 15 स्त्रियांच्या दंडाला विद्युत्-तारा लावून आठ व्यायाम तपासले. दोन्ही तळवे छातीखाली एकत्र आणून, अंगठे आणि तर्जन्या यांचा त्रिकोण करून काढलेल्या जोरात हा स्नायू सर्वांत अधिक जागा झालेला दिसला. म्हणजे वजनाच्या मोठमोठ्या यंत्रांपुढे फुकटचा जोर पहिला आला! पण स्नायूत वीज अधिक खेळली म्हणजे तो तितकाच अधिक वाढतो असे सिद्ध होत नाही; आणि तळवे इतके जवळ आणल्याने मनगट व कोपर यांवर ताण येतो. ज्याचे साधे वीस जोर स्वच्छ निघतात त्याने त्रिकोणाकडे जावे. इतरांनी खांद्याएवढे अंतर ठेवावे. कंबरदुखीच्या माणसाने पोट जमिनीकडे सोडून छाती वर काढण्याचा लवचीक दंड टाळून सरळ अंगाचा जोर काढावा.

दुसरा मान डोक्यावरच्या व्यायामाला. एक डंबेल दोन्ही हातांनी धरून डोक्यावर न्यावे, कोपरे वाकवून ते मानेमागे हळूहळू उतरवावे, आणि कोपरे जागची न हलविता पुन्हा वर सरळ करावे. लांब शीर ताणले जाते म्हणून येथे लाभ अधिक, हे आरंभी सांगितलेच. जपानी संशोधकांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 21 जणांना 12 आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, एका हाताने डोक्यावर आणि दुसऱ्या हाताने शरीरालगत असा कोपर सरळ करण्याचा व्यायाम दिला. डोक्यावरच्या बाजूचा स्नायू सुमारे 20 टक्क्यांनी वाढला, शरीरालगतच्या बाजूचा सुमारे 14 टक्क्यांनी. आणि गंमत अशी की डोक्यावरच्या हाताने उचललेले वजन उलट कमी होते. जो मुलगा वजनाचा आकडा सांगून मित्रांत मिरवितो, त्याने हे नीट ऐकावे. आरंभास दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली पुरते. ज्यांचा हात दुखल्याविना कानाजवळ जात नाही, त्यांनी मात्र हा प्रकार करू नये.

तिसरा प्रकार कप्पीचा. उंचावर बसविलेल्या कप्पीवरून दोर घ्यावा, एका टोकाला वजन, दुसरे टोक दोन्ही मुठींत. कोपरे कमरेला चिकटवून मुठी खाली ढकलाव्यात. विहिरीच्या रहाटाची ही उलटी चाल. वजन हवे तितके हलके ठेवता येते आणि खांदा जागचा हलत नाही, म्हणून दुखऱ्या सांध्यांच्या माणसाला हा सोयीचा. यादीतील सर्वांत महागडे यंत्र मुलांनी याच कामासाठी मागितले आहे. तेच काम गावचा लोहार आणि दोन कप्प्या मिळून करून देतील, असे आमचे मत आहे. दोर व खुंटी मात्र चांगल्या तपासून घ्याव्यात.

डबल बारवरील झेप उत्तम, परंतु तिला मर्यादा हवी. दंड जमिनीशी समांतर झाला की थांबून वर यावे. त्याखाली जाणे ही मर्दुमकी नव्हे. ज्याला दहा-पंधरा पूर्ण जोर येत नाहीत त्याने बारवर चढूच नये. बाकावर हात मागे टेकून करावयाचा प्रकार, ज्याने आमच्या भाच्याचा खांदा गेला, तो आम्ही या खोलीतून काढून टाकावा म्हणतो. तितकाच लाभ देणारे दुसरे प्रकार असताना तो धोका पत्करण्याचे कारण नाही.

उताणे निजून बारबेल कपाळाकडे उतरविण्याच्या प्रकाराला इंग्रजीत कवटी फोडणारा असे नाव आहे. नावातच सर्व आले! यात कोपराला फार ओढ लागते. करावयाचाच असेल तर दोन हलके डंबेल्स घेऊन, ते कपाळावर न आणता डोक्याच्या मागे उतरवावेत. निजून बारबेल छातीवरून ढकलताना मुठी खांद्याएवढ्या अंतरावर असाव्यात, अंगठा दांड्याभोवती गुंडाळलेला असावा, आणि डोक्याशी दुसरा माणूस उभा असावा. एकट्याने हा व्यायाम करू नये, हा नियम खोलीच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. पुढे वाकून हात मागे सरळ करण्याचा जो प्रकार आहे तो अगदी हलक्या वजनाने चांगला. तेथे झोका दिला की व्यायाम संपला.

किती करावे? एक दिवस केल्यावर मध्ये किमान एक पूर्ण दिवस सोडून, आठवड्यातून दोन दिवस. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी तीन दिवस. वरीलपैकी दोन प्रकार निवडावेत, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, एका फेरीत आठ ते पंधरा आवर्तने. अजून एक-दोन निघतील असे वाटत असतानाच फेरी थांबवावी. तिन्ही फेऱ्यांत पंधरा स्वच्छ निघाले की मगच वजन थोडके वाढवावे. हलक्या वजनानेही, फेरी दमेपर्यंत नेली तर, स्नायू जवळपास तितकाच वाढतो, असे अलीकडच्या अनेक प्रयोगांत दिसले आहे. म्हणून वजनासाठी हट्ट नको. ढकलताना श्वास सोडावा, छातीत कोंडून धरू नये; रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

आणि कधी थांबावे? स्नायूत जळजळ ही व्यायामाची. दुसऱ्या दिवशीचे आंबलेपणही त्याचेच. पण सांध्यात टोचणारी कळ, करंगळीत मुंग्या, कोपराला सूज, ही थांबण्याची खूण. लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ही शेवटची गोष्ट आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. ती सांगावी की नाही याचा आम्ही बरेच दिवस विचार केला.

आपल्या भाषेत दंड या एका शब्दाचे अर्थ तीन. एक हाताचा वरचा भाग, दुसरा व्यायाम, आणि तिसरा शिक्षा. आम्ही तरुण शिक्षक असताना दुसरा आणि तिसरा अर्थ एक करून टाकला होता. उशीर झाला, दंड. गृहपाठ नाही, दंड. मुलांना मारण्यापेक्षा हे बरे, उलट अंग कमावतील, अशी आमची समजूत. आषाढातील रोवणीचे दिवस होते. सातवीतला एक मुलगा सलग दोन दिवस उशिरा आला. आम्ही कारण विचारले नाही. शंभर दंड सांगितले आणि पटांगणात उभे राहून मोजले. चाळिसाच्या पुढे त्याचे हात लटपटू लागले. आम्ही थांबू दिले, पुन्हा सुरू करविले. शंभर पूर्ण झाले तेव्हा इतर मुलांनी टाळ्या वाजविल्या, आणि आम्हांलाही अभिमान वाटला, हे कबूल करतो.

तो तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी त्याचा बाप आला. भांडावयास नव्हे, हात जोडून म्हणाला, ‘गुरुजी, पोराचे हात सरळ होईनात, अन् लघवी काळी होते.’ आम्ही त्याच्या घरी गेलो. दोन्ही दंड सुजून तट्ट झालेले, कोपरे अर्धवट वाकलेली. त्याला रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी समजाविले की सवय नसताना अतोनात श्रम झाले की स्नायू आतून तुटतो, त्यातील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. उशीर झाला असता तर प्राणावर बेतले असते. सलाईन लावले, आठवड्याने मुलगा बरा झाला. बापाकडून कळले की दोन्ही दिवस तो पहाटेपासून पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन बांधीत पोहोचवीत होता, म्हणून उशीर. म्हणजे ज्याचे हात आधीच राबून आलेले, त्याच्या हातांकडून आम्ही शंभर वसूल केले.

मुलाने तक्रार केली नाही, बापानेही नाही. त्या काळी शिक्षकाविरुद्ध तक्रार करावयाची असते हे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेस मनाई केली. तो कायदा 2010 च्या एप्रिलपासून लागू झाला. आम्ही त्याच्या पुष्कळ आधी दंडाची शिक्षा बंद केली होती. पण तो मुलगा सातवी संपेपर्यंत कवायतीच्या तासाला कोपऱ्यात उभा राही, आणि आम्ही त्याला पुढे बोलवीत नसू. व्यायामाची गोडी लावण्यासाठी सरकारने आम्हांस पगार दिला, आणि निदान एका मुलाच्या मनात तरी आम्ही व्यायामाची भीती पेरली.

म्हणून खोलीविषयी आमची पहिली अट साहित्याची नाही. तेथे कोणाला कोणी आकडा पुरा करावयास लावू नये. पैज नको, शिक्षा नको, नवख्याला पहिल्याच दिवशी दमवून हसणे नको. पहिला महिना भिंत आणि ओटा.

आहाराचे थोडक्यात सांगतो. आपण भात खाणारे लोक. भातात प्रथिने अल्प. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या हिशेबाने साधारण माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. वजने उचलणाऱ्याला 1.6 ग्रॅमपर्यंतचा उपयोग होतो, त्यापुढे विशेष लाभ दिसत नाही. म्हणजे साठ किलोच्या तरुणाला फार तर 96 ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत वीसएक ग्रॅम, एका अंड्यात सहा, पावशेर दुधात आठ. आपला जिल्हा तलावांचा. मासे बाजारात येतात. पाच-सहा हजारांचे पिठाचे डबे घेऊ नयेत. त्याच संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत अशा प्रथिनपुडींपासून दूर राहण्याचा सल्ला दिला आहे. भात थोडा कमी आणि वरण घट्ट, एवढा बदल स्वयंपाकघरात झाला तरी पुष्कळ.

भगिनींना एक शब्द. आपल्या आज्या जाते ओढीत, मुसळ चालवीत. त्यांचे दंड दगडासारखे असत, असे आपण कौतुकाने सांगतो. ते कौतुक जपून करावे. त्यांना कोणी ते व्यायाम म्हणून दिले नव्हते, आणि मध्ये एक दिवस विश्रांतीही दिली नव्हती. धानाच्या गिरण्या आल्या हे चांगलेच झाले. पण कामही गेले आणि व्यायामही आला नाही, अशी आजची स्थिती आहे. स्त्रीचा दंड पुरुषासारखा फुगेल ही भीती निराधार आहे. तसे होण्यास लागणारे द्रव्य तिच्या शरीरात फार अल्प असते. खोलीची सकाळची एक वेळ स्त्रियांसाठी राखून ठेवावी, अशी आमची सूचना आहे. अर्जावर एकाही मुलीची सही नाही, हे आम्ही पाहिले.

तेव्हा यादी येणेप्रमाणे असावी: कमी उंचीचा एक आणि पूर्ण उंचीचा एक असे दोन डबल बार, चकत्या बदलता येणाऱ्या डंबेल्सच्या तीन जोड्या, एक बारबेल, दोन बळकट बाक, कप्पी लोहाराकडून, जाड सतरंज्या. आरसा मागितला आहे. एक असावा, चुकीची ढब दिसते. दंडाची मागची बाजू त्यात तशीही दिसणार नाही.

अर्जाचा निर्णय पुढील सभेत कार्यकारिणी करील. भिंतीवरचे जोर ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी चहानंतर मागच्या पडवीत यावे. आम्ही दाखवू, आमच्या घरातूनही येणार आहेत. काल त्यांचे नऊ झाले.